सभासद नसलेल्यांची वल्ही



व्याख्यानाचा विषय मी पत्राने कळवला, तेव्हा संयोजकांपैकी एकांचा फोन आला. म्हणाले, "सर, लिहिण्यात काही चूक नाही ना? रोइंग क्लबचा इतिहास, आणि तोही नगरात?" मी म्हटलं, चूक नाही. थोडं थांबून ते म्हणाले, "नाही, म्हणजे सीना नदीत नाव घालायची तर आधी टँकर मागवावा लागेल." त्यांचं बरोबर आहे. वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पावसावर जगणारं हे गाव. निजामशाहीच्या काळात खापरी नळांनी कोसांवरून पाणी आणलं, म्हणून ते टिकलं. इथल्या माणसाला पाणी किती खोल हे सांगायचं नसतं, पाणी किती परसांवर, म्हणजे किती पुरुष खोल खणल्यावर, लागलं हे सांगायचं असतं.

आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे. मी मात्र बोलताना जुन्या सवयीने नगर म्हणणार, ते गोड मानून घ्या. तर नगरचा म्हणावा असा रोइंग क्लब मला सांगता येणार नाही. नगर रस्त्यावरचा सांगता येईल. तुमच्यातले निम्मे लोक पुण्याला जाताना त्याच्या शेजारून गेलेले आहेत. येरवडा सोडून बंडगार्डनला नदी ओलांडताना उजव्या-डाव्या बाजूला कुणी पाहत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष सिग्नलकडे असतं. त्या पुलाच्या वरच्या अंगाला, नदीच्या काठी, रॉयल कॅनॉट बोट क्लब आहे. जुना दगडी फिट्झगेराल्ड पूल १८६७ चा, क्लब १८६८ चा. क्लबाला नाव मिळालं ते व्हिक्टोरिया राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याचं. १८८६ ते १८९० या काळात तो मुंबई इलाख्याच्या सैन्याचा सरसेनापती होता.

पुण्यात वल्हवण्याचा खेळ रुजला तो नदीमुळे, असं आपण पटकन म्हणतो. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस आहे, मला ते पटत नाही. दख्खनच्या नद्या चार महिने उधळतात आणि आठ महिने खडकांतून वाट काढतात. उधळलेल्या पाण्यात शर्यतीची नाव टिकत नाही, आणि खडकांत ती चालत नाही. एकट्याने वल्हवायची शर्यतीची नाव, जिला स्कल म्हणतात, ती आजच्या नियमाने कमीत कमी १४ किलोची असते. आठ जणांची नाव कमीत कमी ९६ किलोची. लांबच लांब आणि शेंगेसारखी अरुंद. तिला संथ, सरळ, बाराही महिने सारख्या पातळीचं पाणी लागतं. पुण्यात ते मिळालं बंधाऱ्यामुळे. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीच्या आधाराने १८५० च्या सुमारास तो बंधारा झाला. हेतू होता कँपाला आणि गावाला पाणी मिळावं हा. त्या बंधाऱ्याच्या फुगवट्यात साहेबाला टेम्स दिसली. लोकांच्या तहानेसाठी अडवलेल्या पाण्यावर हा खेळ उभा राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुरुवातीला हा क्लब गोऱ्या अधिकाऱ्यांचा होता, त्यात लपवण्यासारखं काही नाही. अशा क्लबाचा इतिहास लिहायला बसलं की काय हाती लागतं? अध्यक्षांच्या नावांचे फलक, चषक, भिंतीवरची छायाचित्रं. छायाचित्रात नऊ जण असतात, आठ वल्हवणारे आणि एक कॉक्स, म्हणजे सुकाणू धरून हाका देणारा. नाव खांद्यावरून पाण्यापर्यंत आणणारा, रात्री ती पुसून घोडीवर ठेवणारा, पूर आला की अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारून दोर सोडणारा, हे छायाचित्रात नसतात. मला आज त्या छायाचित्राच्या चौकटीबाहेर उभ्या असलेल्या माणसांबद्दल बोलायचं आहे. वल्हवण्याच्या खेळाचा मराठी मुलखातला इतिहास क्लबच्या वहीत शोधला तर तुटपुंजा निघतो. तो आहे सभासद नसलेल्यांच्या हातांत. आणि त्यांच्या हातात वल्हं दिलं ते बहुतेक वेळा युद्धाने, दुष्काळाने नाहीतर धरणाने.

नावा आपल्याला नवीन होत्या असं मात्र नाही. कोकण आणि समुद्र बाजूला ठेवू, तो नाखव्यांचा आणि तांडेलांचा प्रांत आहे. घाटावर भोई होते. गोदावरीला पाणी आलं की पैलतीरी न्यायला गुळाची काहील वापरत. गोल, सपाट तळाची ती लोखंडी कढई पाण्यात स्वतःभोवती फिरायला लागली की आत बसलेल्याला सगळे देव आठवत. आणि सांगड होती. वाळलेले भोपळे एकमेकांना बांधून केलेला तराफा म्हणजे सांगड. आपण रोज म्हणतो, घर आणि नोकरी यांची सांगड घालायची. म्हणताना भोपळे कुणाच्याच डोळ्यांपुढे येत नाहीत. भाषेने ती नाव जपली, आपण नदीवरची घालवली.

आता पहिल्या महायुद्धाकडे, १९१५ सालाकडे जाऊ. ठिकाण मेसोपोटेमियातलं कुर्ना. इथे तैग्रिस आणि युफ्रेटिस यांचा संगम होतो. आदम आणि इव्हची बाग इथेच होती अशी तिकडची समजूत आहे. आपल्या प्रवरासंगमावर उभं राहून दोन नद्यांचं पाणी पाहिलं असेल त्याला कुर्ना समजायला कठीण नाही, फक्त पाणी दसपट धरायचं. मे महिन्यात उत्तरेकडचं बर्फ वितळतं आणि सगळा प्रदेश पाण्याखाली जातो. मैलोनमैल गवत-वेत आणि त्यात मधेमधे डोकं काढलेल्या टेकड्या. त्या टेकड्यांवर तुर्कांची ठाणी. पाणी बऱ्याच ठिकाणी मांडीएवढं, म्हणून चालत जावं म्हटलं तर मधेच खोल कालवे. चालून जाता येत नाही आणि जहाज तिथवर पोहोचत नाही.

ब्रिटिशांच्या जनरल टाउनशेंडने पायदळाला नावांत बसवलं. तिथल्या लोकांची बेलम नावाची लांब निमुळती होडी असते, लांब काठीने रेटायची नाहीतर वल्ह्याने मारायची. अशा शेकडो होड्या गोळा केल्या. एकेकीत आठ-दहा शिपाई. काहींना पुढे लोखंडी पत्र्याच्या ढाली बसवल्या. हल्ला करणाऱ्या १७ व्या ब्रिगेडमध्ये १०३ मराठा लाइट इन्फंट्री होती. म्हणजे देशावरची आणि घाटाखालची मराठी पोरं. यातल्या देशावरच्या किती जणांनी त्याआधी हातात वल्हं धरलं असेल? पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की अलीकडेच मुक्काम करायचा, ही ज्यांच्या गावाची रीत, त्यांना हल्ल्याआधी नावा रेटायला शिकवलं. उन्हाने होडीचा काठ हाताला चटका देत होता, आणि त्या मुलखातला मे म्हणजे आपला मे परवडला.

३१ मे १९१५ ला पहाटे ही पलटण पाण्यावरून निघाली. दुपारच्या आत टेकड्या घेतल्या. तीन दिवसांनी, ३ जूनला, अमारा पडलं. गोऱ्या सोल्जरांनी या लढाईला थट्टेने नाव दिलं, 'टाउनशेंडचा रिगाटा'. रिगाटा म्हणजे नौकाशर्यतींचा मेळा, बँड, छत्र्या, काकडीचं सँडविच. मराठी शिपायांनी भाग घेतलेला हा पहिला मोठा रिगाटा, आणि त्यात दुसऱ्या बाजूने तोफा होत्या. एक गंमत सांगतो. ३१ मे हा आपल्या चौंडीच्या अहिल्यादेवींचा जन्मदिवस. घाट बांधून माणसाला पाण्यापर्यंत सुखाने उतरवणारी ती बाई. योगायोगापलीकडे त्यात काही नाही, पण नगरात उभा राहून ती तारीख उच्चारली आणि हे बोललो नाही, असं कसं होईल.

ज्या नदीतून वल्ही मारत हे लोक वर गेले, त्याच नदीच्या एका वळणावर, कुट या गावी, ते कोंडले गेले. १४७ दिवसांचा वेढा. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, सुमारे १३ हजार माणसं कैदेत. त्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. कैदेतल्या वाळवंटी वाटचालीत किती गेले, याचा हिशेब फार वाईट आहे, आज तो करत नाही. साताऱ्याकडे, कोकणात, आपल्याकडेही काही गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते, या गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. नावं नाहीत, फक्त आकडे. एखादी पाटी दिसली की मी थांबतो. या आकड्यातल्या किती जणांना नाव रेटता येत होती, हा प्रश्न पाटी सोडवत नाही.

त्याच काळात हे आपलं नगर काय करत होतं? युद्ध नगरात येतं ते बहुधा कैद्यांच्या पायांनी. बोअर युद्धातले कैदी इथे आले. पहिल्या महायुद्धात जर्मन-ऑस्ट्रियन नागरिक इथे स्थानबद्ध होते. १९४२ चं तर तुम्हाला पाठ आहे, त्याकडे पुढे येतो.

युद्ध संपल्यावर १९१९ च्या जुलैत इंग्लंडमधल्या हेन्ली गावी टेम्सवर शांततेचा रिगाटा भरला. हेन्लीच्या शर्यती १८३९ पासूनच्या, युद्धात त्या थांबल्या होत्या. ऑक्सफर्ड-केंब्रिजची प्रसिद्ध शर्यतही १९१५ ते १९१९ बंद होती. तिच्या जुन्या वल्हेकऱ्यांतले कितीतरी खंदकांत गेले. फ्रेडरिक केली हा १९०८ च्या ऑलिंपिकमधला सुवर्णपदक विजेता, उत्तम पियानोवादक आणि संगीतकार, १९१६ च्या नोव्हेंबरात सोमच्या लढाईत पडला. म्हणून १९१९ च्या या रिगाट्यात लढाईहून परतलेल्या सैनिकांच्या चमूंना बोलावलं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, अमेरिका, फ्रान्स अशा देशांच्या सैन्यांच्या आठ वल्ह्यांच्या नावा राजाच्या चषकासाठी उतरल्या. ऑस्ट्रेलियाने चषक जिंकला आणि घरी नेला. तिथली राज्यं आजही त्याच चषकासाठी झुंजतात.

युद्ध थांबल्यावर एक क्लब पुन्हा कसा उभा राहतो, याचा हा आदर्श नमुना आहे. घोडीवर नाव शिल्लक असते, मंडळींपैकी अर्धी परत येतात, उरलेल्या जागी नवी बसतात. तैग्रिसवर नावा रेटलेल्या भारतीय शिपायांचा चमू त्यात नव्हता. कुणी मुद्दाम डावललं असं म्हणण्याचीही गरज नाही, कारण त्यांना बोलवावं हे कुणाच्या मनातच आलं नसणार. ते वल्हेकरी होते हे त्यांना स्वतःलाही वाटलं नसेल. घरी येऊन त्यांनी नांगर धरला. पुन्हा उभं राहायला आधी काहीतरी उभं असावं लागतं, आणि यांच्यासाठी कुठल्याच काठावर घोडीवर नाव नव्हती.

नाव आली १९२८ ला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने, जे १८५४ पासूनचं, विश्वेश्वरय्यांसारखा विद्यार्थी ज्याने पाहिला, त्याने तिथल्या नद्यांच्या संगमाजवळ आपला बोट क्लब काढला. त्याआधी दोन वर्षं, १९२६ मध्ये, आपल्या जिल्ह्यात भंडारदऱ्याचं विल्सन धरण पुरं झालं होतं, २७० फूट उंचीचं. या दोन गोष्टी मी शेजारी ठेवतो, कारण नदी हा ज्यांच्या अभ्यासाचा विषय त्या पोरांनी तिच्यावर बसूनही पाहावं, यात मला एक न्याय दिसतो. सभासद व्हायला इथे रँक लागत नव्हती, प्रवेश मिळालेला पुरे होता. त्याही दाराशी गाळणी होतीच, हे मान्य, पण ती वर्णाची नव्हती. तिथला वार्षिक मेळा आजही रिगाटा याच नावाने होतो. संध्याकाळी कायाकांच्या रचना, पंट नावाच्या सपाट होड्यांवर मशाली, काठावर सगळं पुणं.

दुसरं महायुद्ध आलं. १९४० ते १९४५ ऑक्सफर्ड-केंब्रिजची अधिकृत शर्यत पुन्हा बंद. क्लब नावांवाचून अडतो असं आपल्याला वाटतं. अडतो तो माणसांवाचून. आठ जणांची नाव म्हणजे आठ माणसं नव्हेत, ती एकमेकांच्या श्वासाला सरावलेली आठ माणसं. त्यांतली दोन लढाईवर गेली की उरलेल्या सहांचा काही उपयोग नसतो. जगभरच्या नदीकाठी त्या सहा वर्षांत असे सहा-सहा जण बसून होते.

आणि आपला नगर रस्ता? ९ ऑगस्ट १९४२ ला अटक केलेल्या नेत्यांना घेऊन मुंबईहून एक विशेष गाडी सुटली. गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेलं. बंडगार्डनचा पूल ओलांडून नगरकडे निघालं की थोड्या अंतरावर तो लागतो. नेहरू, आझाद, पटेल, नरेंद्र देव, शंकरराव देव आणि बाकीच्यांना घेऊन गाडी नगरला आली. पुढची जवळजवळ तीन वर्षं रस्त्याच्या या टोकाला किल्ल्यात नेहरू बागेत माती खणत होते आणि पुस्तक लिहीत होते, आझाद चिमण्यांवर लिहीत होते. त्या टोकाला नदी.

याच काळात आपल्या जिल्ह्यातला एक मुलगा इटलीत दुसऱ्या एका नदीच्या काठी पोहोचला. संगमनेर तालुक्यातलं निमज हे त्याचं गाव. नामदेव जाधव, जन्म १९२१, ५ मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधला शिपाई, कंपनी कमांडरचा रनर, म्हणजे निरोप्या. नदी सेनिओ. ती फार रुंद नाही, आपल्याकडच्या ओढ्यासारखी. पण दोन्ही तीरांवर पूर रोखायला घातलेले उंच मातीचे बांध. पाटबंधाऱ्यातल्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटेल. जर्मनांनी पलीकडच्या बांधाच्या आतल्या अंगाला मशिनगन लपवल्या होत्या आणि बांधांवर सुरुंग पेरले होते. ९ एप्रिल १९४५ ला नामदेवच्या कंपनीची पुढची तुकडी पाण्यात उतरली. पलीकडे निघताच तीन मशिनगनांनी तिला भाजून काढलं. कमांडर आणि दोन जण जखमी झाले. बाकीचे गेले. उभा राहिला एकटा नामदेव.

त्याने एका जखमीला उचललं. खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणून ठेवलं. मग परत गेला. दुसऱ्याला आणलं. मग तिसऱ्यांदा गेला, आता एकटाच, मशिनगनांवर. हाताला गोळी लागली आणि टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती फेकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. संपले की सरपटत मागे येऊन आणखी नेत होता. तिन्ही ठाणी थंड झाल्यावर बांधाच्या माथ्यावर उभं राहून त्याने मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि उरलेल्या कंपन्यांना हाताने या म्हणून खुणावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९८४ मध्ये तो गेला.

नामदेव जाधव वल्हेकरी नव्हता, हे मला कुणी सांगायला नको. तरी मी त्याला या व्याख्यानात आणला, कारण माणूस पाणी कशासाठी ओलांडतो हा प्रश्न त्याने सोडवला, तसा कुठल्याच क्लबाच्या चषकाने सोडवलेला नाही. पलीकडे जाणं त्याच्या दृष्टीने अर्धंच काम होतं.

युद्धानंतरचं पहिलं ऑलिंपिक १९४८ चं, लंडनचं. इंग्लंडात अजून रेशन होतं, जर्मनी-जपानला बोलावणं नव्हतं, वल्हवण्याच्या शर्यती पुन्हा हेन्लीलाच. दोघांच्या नावेत सुवर्ण मिळवलं रॅन लॉरी आणि जॅक विल्सन या जोडीने. दोघेही सुदानच्या मुलकी सेवेतले अधिकारी. हेन्लीची जोडीची शर्यत त्यांनी १९३८ मध्ये जिंकली, मग सुदानात गेले, आणि दहा वर्षांनी सुट्टी काढून परत येऊन १९४८ मध्ये पुन्हा जिंकली, वर ऑलिंपिकही. तरुणांसाठी सांगतो, 'हाउस' मालिकेतला लंगडा डॉक्टर आठवत असेल, तो ह्यू लॉरी या रॅनचा मुलगा. दहा वर्षं वाळवंटात काढूनही जोडी पुन्हा जमली, याचं सगळे कौतुक करतात. मीही करतो. पण त्यांच्यासाठी टेम्सच्या काठी कुणीतरी दहा वर्षं नावा पुसून ठेवत होतं, हेही मला दिसतं.

सुदानचं नाव निघालं म्हणून सांगतो. दुसऱ्या महायुद्धात भारतीय पलटणी सुदान वाचवायला लढल्या. त्याची आठवण म्हणून सुदानने दिलेल्या देणगीतून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा घुमटाचा सुदान ब्लॉक उभा राहिला. त्याच्यासमोर खडकवासला धरणाचं पाणी, आणि त्यातल्या पीकॉक बे नावाच्या खाडीसारख्या भागात कॅडेट व्हेलर नावाच्या जड होड्या वल्हवायला शिकतात. १९४८ मध्येच लष्कराचं अभियांत्रिकी शिक्षण रुरकीहून खडकी-दापोडीला आलं, पुढे त्याचं नाव कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग झालं. बॉम्बे सॅपर्स खडकीला आधीपासून होतेच. सॅपर म्हणजे शत्रू समोर असताना नदीवर पूल टाकणारा माणूस. त्याला नाव चालवता यावीच लागते. साहेब गेले, आणि वल्हं हळूहळू जवानाच्या हातात स्थिरावलं. मराठी मुलखात या खेळाचं खरं पुनरुज्जीवन मला इथे दिसतं, क्लबांच्या गच्चीवर नव्हे.

मधे १२ जुलै १९६१ येऊन गेला. आदल्या रात्री पानशेत धरणाच्या खचत्या बांधावर लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते. सकाळी बांध गेला. पाणी खडकवासल्यावर आलं आणि दुपारी ते धरणही फुटलं. प्रबोधिनीसमोरचं पाणी गेलं, खाली पुण्यात नारायण-शनिवार-कसबा पाण्यात. ते सगळं पाणी संगमाकडेच निघालं होतं. नदीकाठच्या संस्थेला युद्धापेक्षा पूर जवळचा. युद्ध माणसं नेतं आणि नावा ठेवतं, पूर नावा नेतो. पानशेतच्या कारणांवर मी दोन तास बोलू शकतो, पण तुम्ही त्यासाठी आला नाहीत.

मी अभियांत्रिकीला गेलो तेव्हा पुराला दहाएक वर्षं झाली होती. शेवगावकडचा मुलगा, पोहायला विहिरीत शिकलेला. मित्राने ओढत बोट क्लबवर नेलं. पहिल्या दिवशी कळलं की वल्हवायचं हाताने नसतं, पायाने असतं. बुडाखालची बैठक चाकांवर सरकते, गुडघे दुमडून पुढे यायचं, वल्ह्याचं पातं पाण्यात उभं टाकायचं आणि पायांनी फळीला रेटा द्यायचा. पातं तिरकं पडलं की पाणी ते गिळतं आणि मूठ छातीत बसते. साहेब याला खेकडा पकडणं म्हणतो. मी पहिल्या आठवड्यात अर्धी टोपलीभर खेकडे पकडले. तळव्यांना फोड, फोडांवर मीठ, आणि आईला पत्रात अभ्यास चालू आहे. नावेत आपण जातो त्या दिशेला पाठ करून बसलेलो असतो. यावरून जीवनाचं तत्त्वज्ञान सांगणारे बरेच भेटले. मला त्यात मानेच्या दुखण्यापलीकडे फारसं काही सापडलं नाही.

आता एक अलीकडचं नाव. कोपरगाव ओलांडलं की येवला, येवल्याला लागून चांदवड. पाण्याच्या बाबतीत आपलेच भाऊबंद. तिथल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामावर जायचा. २०११ मध्ये वडील गेले, घरची जबाबदारी आली, २०१२ मध्ये तो सैन्यात, बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला. उंची बघून त्याला वल्हवायला बसवलं. पाण्याची आधी भीती वाटायची, हे तो स्वतः सांगतो. त्यात नवल काय? पाणी दिसलं की काम संपलं, हे जो विहिरीच्या तळाशी शिकला, त्याला समोर दोन किलोमीटर पाणी पसरलेलं पाहून काय वाटलं असेल! २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कलमध्ये तो तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ताप अंगात असताना एकेरीच्या अंतिम शर्यतीत शेवटचा आला. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या नावेत बसला आणि सुवर्ण घेऊन उतरला.

१९१५ च्या बेलममधल्या शिपायाला परत येण्यासाठी काठ नव्हता, दत्तूला होता. फरक एवढाच, पण त्याला शंभर वर्षं लागली. तोही काठ आता सोपा राहिलेला नाही. पुण्याच्या नदीत उन्हाळ्यात जलपर्णी माजते, इतकी की पाणी आहे की कुरण ते कळू नये. वास वेगळाच. तहानेसाठी अडवलेलं पाणी मी तुम्हाला लक्षात ठेवायला सांगितलं होतं. आज त्यात सांडपाणी अडतं.

आणि आपल्या जिल्ह्यात? आपल्याकडे आता पाणी आहे, मित्रहो. राहुरीला मुळा धरण, २६ टीएमसीचं. आणि १९७६ मध्ये लोकार्पण झालेलं जायकवाडी, ज्याचा फुगवटा शेवगाव-नेवाशात पसरला आहे. त्याच्या काठी मी अनेकदा उभा राहतो आणि इथे शर्यतीची किती उत्तम सरळ लेन पडेल याचा मनातल्या मनात हिशेब करतो. खात्यातली सवय. पण त्या पाण्यावर बोलताना मला सावध राहावं लागतं, कारण माझं आजोळ त्याच्या खाली आहे.

मामांचं गाव उठलं तेव्हा मी नुकता नोकरीला लागलो होतो, तेही पाटबंधारे खात्यातच. घरात तो विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. गाव वर सरकलं, नवी घरं झाली. उरलेली थोडी जमीन पाण्याच्या पलीकडच्या अंगाला राहिली. तिकडे जायला मामा चाळिशीत वल्हवायला शिकले, एका भोयाकडून. काळी माती कसलेला माणूस, नाव कधी जवळून पाहिली नव्हती. पुढे इतके तयार झाले की पेरणीच्या दिवसांत बी, खत, जेवणाचा डबा आणि शेळी एका होडीत घालून एकटे न्यायचे.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो. पुण्यात शिकलेलं दाखवावं म्हणून म्हटलं, मामा, पायाने रेटा द्या. ते म्हणाले, "तू गप बस, होडी माझी आहे." अर्ध्या पाण्यात आल्यावर त्यांनी एकदम दोन्ही वल्ही उचलून धरली. होडी आपोआप थोडी पुढे गेली आणि थांबली. सगळीकडे सारखंच पाणी, खूण म्हणावी असं काही नाही. मला वाटलं दमले.

"इथं आपली विहीर," ते म्हणाले. "सहा परस."

मग वल्ही पुन्हा पाण्यात घातली.